अफू पिकवणाऱ्या देशातलं दुखणं

अनारसा थापताना खाली पसरतात ती खसखस आणि कॅन्सरच्या रुग्णाला देतात ती मॉर्फीनची गोळी, दोन्ही एकाच झाडाच्या बोंडातून येतात. बोंड हिरवं असताना त्याला उभ्या चिरा दिल्या की पांढरा चीक पाझरतो. रात्रभरात तो घट्ट होऊन तपकिरी पडतो आणि सकाळी खरवडून गोळा करतात, ती अफू. तेच बोंड पुढे झाडावरच वाळलं की आत बारीक दाणे खुळखुळायला लागतात, ती खसखस. आपल्या कायद्याने या दाण्यांना वगळलंय, म्हणून वाण्याकडे ती उघड मिळते. पण दुबईला निघालेल्या लेकीची बॅग भरताना जाणती बाई अनारसे बाजूला काढते आणि मसाल्यात खसखस पडली आहे का हे दोनदा विचारून घेते. अमिरातीत खसखस बाळगणं हा गुन्हा आहे. सिंगापूरलाही तिच्यावर बंदी आहे.

दाणा तोच राहतो, कायदा बदलतो. अमली पदार्थ कशाला म्हणायचं हे माणसं ठरवतात आणि ठरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण उभं असतं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. आपल्या कायदेकर्त्यांच्या डोळ्यांसमोर कायम चोर उभा राहिला. दुखण्याने तळमळणारा माणूस त्यांना दिसलाच नाही. त्यामुळे या बोंडावर नजर ठेवायला आपण जेवढी बुद्धी, यंत्रं आणि माणसं लावली, त्याच्या पासंगालाही पुरेल एवढी मेहनत त्यातलं औषध घरोघरी पोचवायला घेतली नाही. हे मला सहन होत नाही, म्हणून लिहिते आहे.

मराठी माणसाचा या पिकाशी संबंध जुना आहे. माळव्यात, शिंदे-होळकरांच्या मुलखात, उज्जैन-इंदूर-मंदसौरच्या काळ्या जमिनीत अफू जोमाने यायची. बंगाल-बिहारच्या अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती, माळव्याची अफू मात्र तिच्या कह्यात नव्हती. कंपनीने वाट अडवली तेव्हा व्यापाऱ्यांनी ती उंटांवर लादून वाळवंटातून कराचीला नेली, तिथून दमणला, आणि दमणहून चीनला. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने नाद सोडला. पेटीमागे ठरावीक पैसे भरा, पास घ्या आणि माल मुंबईहून न्या, असा रस्ता तिने काढला. त्या पासांच्या पैशावर आणि त्या पेट्यांच्या नफ्यावर मुंबई वाढली. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापसाच्या आणि अफूच्या चीन-व्यापारातली, आणि त्यांच्या देणगीतून १८४५ साली भायखळ्याला रुग्णालय उभं राहिलं, ज्याला आपण आजही जे. जे. म्हणतो. गरीब रुग्णांची किती पिढ्या सेवा त्या आवारात झाली याची मोजदाद नाही. चीनमध्ये त्याच पेट्यांनी किती घरं बुडवली याचीही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

इथे मुंबईतही अफू होतीच. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना बाळगोळी चाटवून निजवायच्या. त्या गोळीत अफू असायची. त्या बायांना नावं ठेवणारे पुष्कळ झाले. पण दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या आईला मूल ठेवायला दुसरी जागा कुठे होती?

हजारो वर्षं अफू माणसाजवळ होती ती चिकाच्या नाहीतर गोळीच्या रूपात. तिचा स्वभाव बदलला तो प्रयोगशाळेत. १८०५ च्या सुमारास फ्रीडरिख झेर्ट्युर्नर नावाच्या, औषधविक्रेत्याकडे काम करणाऱ्या एका तरुण जर्मन मदतनिसाने अफूतला वेदना मारणारा घटक शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. ते मॉर्फीन. १८५३ मध्ये स्कॉटलंडचे डॉक्टर अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुईच्या पिचकारीतून ते कातडीखाली टोचलं. पोटातून हळूहळू चढणारी गोष्ट आता काही मिनिटांत अंगात भिनू लागली. १८९८ मध्ये बायर कंपनीने त्याच मॉर्फीनवर प्रक्रिया करून खोकल्याचं औषध म्हणून हेरॉईन बाजारात आणलं. मग १९६० च्या सुमारास बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत फेंटॅनिल तयार झालं, मॉर्फीनहून सुमारे शंभरपट तीव्र. त्याला शेत लागत नाही, बोंड लागत नाही, पाऊसपाणी लागत नाही.

तंत्रज्ञानाची प्रत्येक पायरी अशी दोन्ही हातांना वस्तू देत गेली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ आज रोज फेंटॅनिल वापरतात आणि त्यामुळेच माणसं चिरफाड सोसतात. तेच फेंटॅनिल अमेरिकेच्या रस्त्यांवर पुडीत येतं आणि पोरं मरतात. रेणू एकच आहे. फरक पडतो तो देणारा कोण, किती आणि कशासाठी देतो, घेणाऱ्यावर कुणाचं लक्ष आहे, यावर. धोरणाचं काम नेमकं हे ठरवण्याचं असतं. आपल्याकडे ते झालं नाही.

अमली पदार्थांविषयीचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आपण मान्य केला होता. त्या कराराच्या सुरुवातीलाच म्हटलंय की वेदनाशमनासाठी ही औषधं अपरिहार्य आहेत आणि ती उपलब्ध राहतील अशी तजवीज हवी. दुसरा भाग गैरवापर रोखण्याचा. आपण १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा, म्हणजे एनडीपीएस, केला तेव्हा दुसऱ्या भागाचे दात लावले आणि पहिला विसरलो. काही आठवड्यांत संसदेतून तो पार पडला आणि १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. १९८९ मध्ये शिक्षा आणखी कडक झाल्या. काही गुन्हे पुन्हा केले तर फाशीच, न्यायाधीशाला पर्यायच नाही, असं कलम आलं. ते अनिवार्यपण २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं, याचा मला अभिमान आहे.

पण गंभीर रुग्णांचे हाल झाले ते फाशीच्या कलमाने नव्हे, परवान्यांनी. मॉर्फीन ठेवायचं तर एक परवाना बाळगण्याचा, एक वाहतुकीचा, एक आयातीचा, परराज्यातून यायचं असेल तर तिथल्या खात्याचा वेगळा. एक हातात पडेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली. त्यात चूक झाली तर किमान दहा वर्षांची शिक्षा होऊ शकते ही धास्ती. रुग्णालयांनी ठेवणंच बंद केलं. १९९७ साली या अख्ख्या देशात औषध म्हणून वापरलं गेलेलं मॉर्फीन १८ किलोवर आलं होतं. कायद्याआधी ते शेकडो किलोंत होतं. आणि हे त्या देशात, जो स्वतः अफू कायदेशीररीत्या पिकवतो आणि अफूचा चीक जगाला विकणारा आज एकमेव देश आहे. जगभरच्या औषध कंपन्यांकडे आमच्या नीमच-मंदसौर-चित्तोडगडच्या शेतांतला माल जायचा. आमच्या तालुक्यातल्या कॅन्सरच्या म्हाताऱ्याला पॅरासिटामॉल मिळायचं.

आणखी एक नुकसान झालं, ते आकड्यात दिसत नाही. त्या वर्षांत शिकलेल्या डॉक्टरांची एक आख्खी पिढी मॉर्फीन कधीही न लिहिता घडली. ज्याने कधी लिहिलं नाही तो पुढच्याला काय शिकवणार?

हे सगळं मी माझ्या मामाच्या घरी पाहिलं. त्याला जिभेच्या मुळाशी कॅन्सरची गाठ आली. चंची कमरेला, तंबाखू-चुना दिवसातून किती वेळा ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात किरणं झाली, औषधं झाली, आणि मग तिथल्या डॉक्टरांनी मामेभावाला, माझ्या दादाला, बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या. जाताना त्यांनी मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या. सोबत पोट साफ होण्याच्या गोळ्या, कारण मॉर्फीनने शौचाला खडा होतो आणि त्याने रुग्ण बेजार होतो. हे लिहिणाऱ्या डॉक्टरला मॉर्फीन खरंच कळतं, ही त्याची खूण.

दुष्काळी पट्ट्यातलं गाव. मामाच्या उशाशी स्टीलचा डबा, त्यात गोळ्यांच्या पट्ट्या, आणि नातीची शाळेची वही. नात सातवीत होती. तिने पट्टीने रेघा मारून तक्ता केला होता: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहाला दोन गोळ्या. रात्रीची दुप्पट अशासाठी की मधे पहाटे दोनला उठवायला लागू नये. प्रत्येक खान्यात ती बरोबरची खूण करायची. मॉर्फीन दुखायला लागल्यावर द्यायचं नसतं, दुखणं परत यायच्या आत द्यायचं असतं, घड्याळ लावून. हे त्या पोरीला पक्कं माहीत होतं. तालुक्यातल्या डॉक्टरांना माहीत नव्हतं.

मी गेले तेव्हा मामा अंगणात बाजेवर बसलेला. बोलणं नीट यायचं नाही, पण त्याने हाताने खुणावून मला ज्वारीचं रान दाखवलं आणि पाटीवर लिहून विचारलं, तुमच्याकडं पाऊस किती. आजार हटला नव्हता. चेहऱ्यावरचा ताण तेवढा गेला होता आणि माणूस पुन्हा शेतकरी झाला होता. वेदना गेली की माणूस परत येतो असं म्हणतात, ते मी त्या अंगणात पाहिलं.

गोळ्या संपत आल्या. तालुक्याच्या मेडिकलवाल्याने नाव ऐकूनच हात जोडले, ते नार्कोटिकमध्ये येतं, आम्ही ठेवत नाही. जिल्ह्याच्या गावी दोन-तीन दुकानं पालथी घातली, तिथेही तेच. स्थानिक डॉक्टर भले होते. ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन देऊन गेले, दुसऱ्या दिवशी डायक्लोफेनॅक, पण मामाच्या दुखण्यापुढे ती फार तोकडी पडली. मामीला ते म्हणाले, मॉर्फीन फार चांगलं नाही, सवय लागते. मामी माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं पोरी, सवय लागंल म्हणत्यात. सवय लागायला माणूस ऱ्हायला तर पायजे का नको?"

दादाने मुंबईच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. गावात फोर-जी चांगलं चालतं. पडद्यावर डॉक्टरांना मामा स्वच्छ दिसत होता, उशीत तोंड खुपसून पाय झाडत असलेला. त्यांनी त्याला नावाने हाक मारली, दादाला शांतपणे प्रश्न विचारले, पोट साफ होतंय का, झोप किती येते, श्वास कसा आहे. मग म्हणाले, "मला सगळं दिसतंय. पण हे औषध मी फोनवरून लिहून देऊ शकत नाही. कुणीतरी इथे या." दादा त्याच रात्री एसटीत बसला. तो परत येईपर्यंतचे दोन दिवस त्या घरात कुणी जेवलं नाही.

डॉक्टरांचा दोष नव्हता. २५ मार्च २०२० रोजी, देश बंद झाला त्याच दिवशी, केंद्राने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची नियमावली काढली. चांगली होती ती. घरबसल्या डॉक्टर दिसू लागले, ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर पुढे कोट्यवधी लोकांनी सल्ला घेतला. पण त्या नियमावलीत औषधांची एक निषिद्ध यादी आहे आणि एनडीपीएस कायद्याखालची औषधं तिच्यात मोडतात. नशेच्या गोळ्यांचा ऑनलाइन बाजार भरू नये, हा हेतू. मला तो पटतो. पण ज्याला अंथरुणातून उठता येत नाही, ज्याचं निदान झालंय, ज्याला तेच औषध त्याच डॉक्टरने समोर बसवून आधी दिलंय, त्याची पुढची चिठ्ठीही या यादीत अडकावी? घरबसल्या डॉक्टर भेटण्याची सगळ्यात जास्त गरज ज्याला, त्याच्याच दारात तंत्रज्ञानाने पाऊल टाकायचं थांबवलं. यंत्र तयार होतं, जाळं तयार होतं, डॉक्टर तयार होते. संशय मधे उभा राहिला.

कायदा सुधारला नाही असं नाही. २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. मॉर्फीन, फेंटॅनिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना अत्यावश्यक अमली औषधांचा दर्जा मिळाला. त्या चार-पाच परवान्यांऐवजी आता राज्याच्या औषध नियंत्रकाची, म्हणजे आपल्याकडे एफडीएची, एकच मान्यता पुरते. प्रशिक्षित डॉक्टर, साठ्याची वही, वर्षाचा अंदाज आणि हिशेब एवढं असलं की रुग्णालय मॉर्फीन ठेवू शकतं. या दुरुस्तीसाठी केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं दिल्लीचे उंबरे झिजवत होते. पण कायदा बदलला म्हणून तीस वर्षांची भीती उतरत नाही. शिवाय गोळी स्वस्त आहे. त्यात कुणाला मोठा नफा नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीचा माणूस डॉक्टरांच्या दारात ती घेऊन उभा राहत नाही. कुलूपबंद कपाट, वही आणि धास्ती मात्र दुकानदाराच्या वाट्याला. तो का ठेवेल? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७ च्या आयोगाने जगाचा हिशेब मांडला तेव्हा भारतातल्या गरजेच्या अवघी ४ टक्के वेदनाशामक औषधं रुग्णांपर्यंत पोचत असल्याचं निघालं.

यावर कुणी अमेरिकेचं नाव घेईल, आणि ते घ्यायलाच हवं. १९९६ मध्ये पर्ड्यू या औषध कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही ऑक्सिकोडोनची गोळी आणली. गोळीच्या आवरणातून औषध बारा तास हळूहळू सुटतं, म्हणून याची चटक कमी लागते, असं डॉक्टरांना पटवलं गेलं. लोकांनी गोळी चुरडली आणि बारा तासांचं औषध एका झटक्यात ओढलं. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याची न्यायालयात कबुली दिली. २०१० मध्ये न चुरडणारी नवी गोळी काढली. तांत्रिक उपाय म्हणून तो अगदी हुशारीचा होता. पण ज्यांना सवय लागली होती ती माणसं तशीच होती, त्यांच्यासाठी उपचार नव्हता. त्यातले अनेक हेरॉईनकडे गेले, आणि मग फेंटॅनिल आलं. २०२१ ते २०२३ या काळात अमेरिकेत दर वर्षी लाखाहून जास्त माणसं अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मेली.

हे वाचून आपल्या अधिकाऱ्यांचा हात आखडत असेल तर मी समजू शकते. पण अमेरिकेत घडलं ते औषध पोचल्यामुळे घडलं नाही. कंबरदुखीला, दाढ काढल्यावर, विकण्याच्या हावेपोटी ते वाटलं गेलं म्हणून घडलं. शेवटच्या महिन्यातल्या मामाच्या डब्यातली गोळी आणि त्या दुकानदारीचा काही संबंध नाही. एका टोकाच्या चुकीला घाबरून आपण दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो आणि त्यालाच सावधपणा म्हणतो.

मधला रस्ता आहे, आणि तो श्रीमंत देशांनी दाखवलेला नाही. युगांडात १९९३ पासून एका संस्थेने मॉर्फीनची पूड पाण्यात मिसळून औषध करायला सुरुवात केली. पूड, शुद्ध पाणी, टिकवायला थोडं द्रव्य आणि रंग. वेगवेगळ्या तीव्रतेला वेगळा रंग, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही बाटली ओळखता यावी. पुढे तिथल्या सरकारने ते फुकट द्यायचं ठरवलं आणि खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना ते लिहून देण्याचा अधिकार दिला, कारण खेड्यात डॉक्टर नव्हताच. मला हे तंत्रज्ञान फार मोठं वाटतं. त्यात गरिबाच्या घराचा विचार आहे. आपल्याकडे कोझिकोडला १९९३ साली वेदनाशमनाचं केंद्र सुरू झालं आणि त्यातून केरळभर शेजारपाजारच्या माणसांची जाळी उभी राहिली. २००८ मध्ये त्या राज्याने त्याला धोरणाचं बळ दिलं. तिथे परिचारिका घरी येते, गोळ्या मोजते, जखम धुते, घरच्या बाईला थोडा वेळ बसू देते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये धोरण जाहीर केलं. कागद चांगला आहे.

आता नजर ठेवणारं तंत्रज्ञान बघा. एक लाखाहून जास्त शेतकऱ्यांना केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो दर वर्षी अफूचे परवाने देतो, काही गुंठ्यांचे. शेत मोजलं जातं, चिकातलं मॉर्फीन प्रयोगशाळेत तपासलं जातं, आणि हेक्टरी इतकं इतकं भरलं नाही तर पुढच्या वर्षी परवाना अवघड. बेकायदा शेतं शोधायला उपग्रहाची चित्रं असतात. २०२०-२१ पासून काही शेतकऱ्यांना चिराच देऊ नका, आख्खं बोंड द्या, यंत्राने सत्त्व काढू, असंही सांगितलं गेलं. म्हणजे शेतात बोंडाबोंडाचा हिशेब ठेवणारी व्यवस्था आपण उभी करू शकतो. कारखान्याच्या दारातून मॉर्फीन बाहेर पडलं की ते कुठल्या जिल्ह्यात पोचलं नाही, याचा हिशेब कुणी मागत नाही.

आणि ज्या धोक्यासाठी ही पाळत, तो शेत सोडून केव्हाच निघून गेलाय. महाराष्ट्रात पोलिसांची झोप उडवलीय ती एमडीने, मेफेड्रोनने. ते रसायन आहे, रिअॅक्टरमध्ये बनतं. २०१५ पर्यंत ते एनडीपीएसच्या यादीतही नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या एमआयडीसीत छापा घातला, तेव्हा शेकडो किलो माल सापडला. आमच्याच औद्योगिक वसाहतीत, आमच्याच रसायनशास्त्राच्या जोरावर. अशा कारखान्यांवर पोलिसांनी जरूर तुटून पडावं. तिथे कुठल्याही यंत्राचा वापर मला कमीच वाटेल.

पण तीच यंत्रं खाली वळतात तेव्हा मला भीती वाटते. २०२१ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर पोलिस येणाऱ्याजाणाऱ्याचा मोबाइल घेऊन त्यात गांजाचा उल्लेख शोधतानाची चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली. फोन हे माणसाचं अंतरंग आहे, नाक्यावरची झडती नव्हे. शिवाय ज्या पोराला व्यसन लागलंय ते या पाळतीने दवाखान्यापासून आणखी दूर पळतं. पंजाबने २०१७ पासून ओट केंद्रं काढली. अफू-हेरॉईनची सवय लागलेल्या माणसाला तिथे डॉक्टरच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिन हे सवय सोडवायला मदत करणारं औषध मिळतं आणि त्याची नोंद संगणकावर एकत्र राहते, म्हणजे एकाच माणसाने दोन केंद्रांतून गोळ्या उचलू नयेत. हा मला तंत्रज्ञानाचा चांगला वापर वाटतो, पण एका अटीवर. ती नोंद पोलिसाच्या हाती जाता कामा नये. गेली, तर उद्या एकही पोरगा त्या दारात येणार नाही आणि गल्लीतल्या पुडीवाल्याचं फावेल.

म्हणून माझ्या मागण्या फार क्रांतिकारक नाहीत. दूरस्थ सल्ल्याच्या नियमावलीत एक अपवाद हवा: ज्याला आधी प्रत्यक्ष तपासून मॉर्फीन सुरू केलंय आणि जो घरी अंथरुणाला खिळलाय, त्याची पुढची चिठ्ठी व्हिडिओवरून लिहिता यावी, आणि ती चिठ्ठी जवळच्या मान्यताप्राप्त रुग्णालयातच वटावी. रेशन दुकानात अंगठा लावून किलो किलो धान्याचा हिशेब ठेवणाऱ्या राज्याला दहा गोळ्यांच्या पट्टीचा हिशेब जड जाणार नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक डॉक्टर आणि एक परिचारिका मॉर्फीन हाताळायला शिकलेली असावी. रिकाम्या पट्ट्या परत घ्या, वही तपासा, कडक तपासा. कडकपणाला माझी हरकत नाही. मामीने एकूण एक रिकामी पट्टी जपून ठेवली होती, कुणी विचारलं तर दाखवायला.

आणि तोवर आपण विचारत राहू शकतो. घरात असा रुग्ण असेल तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे वेदनाशमनाचा, कक्ष आहे का ते विचारा. असेल तर मॉर्फीनच्या गोळ्या आज कपाटात आहेत का हे विचारा, फक्त कागदावर असून भागत नाही. नसतील तर ते रुग्णालय एफडीएकडे मान्यताप्राप्त संस्था म्हणून नोंदवलेलं आहे का, हे जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराचे दहा रुपये भरा आणि एकच प्रश्न लिहा: गेल्या आर्थिक वर्षात या जिल्ह्यात रुग्णांना किती मिलिग्रॅम मॉर्फीन देण्यात आलं? मी आमच्या जिल्ह्यासाठी हा अर्ज दिला आहे.